सरकणारा त्रिकोण आणि कोसाडची माय-लेक

तापीपलीकडे, अमरोलीला लागून असलेले कोसाड आता सुरत शहरातच मोडते. नंदुरबार-नवापूरकडून पोटापाण्यासाठी सुरत जिल्ह्यात गेलेली घरे आपल्या सीमाभागाला नवी नाहीत. माझी एक मावसबहीण तिथेच राहते. घरात अहिराणी, बाजारात हिंदी आणि मुलीची शाळा गुजराती.

गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा आठवीतली भाची गणिताची वही घेऊन एकटीच बसली होती. बहीण दहावी झालेली, गणितात चांगली. पण लेकीच्या वहीपासून लांबच. म्हणाली, "दादा, लिपीच कळत नाही. मी बेरीज म्हणते, ती सरवाळो म्हणते. आमचा ल.सा.वि., तिचा ल.सा.अ. मी काय सांगू?"

मला वाईट वाटले. गणित येत असूनही केवळ शब्दांमुळे आईने लेकीपासून दूर बसावे?

म्हणून मोबाइलवर 'जिओजेब्रा' उघडले. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास हे साधन बनवायला घेतले. शिकण्या-शिकवण्यासाठी ते मोफत आहे. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते.

कृती सोपी आहे. अ आणि ब हे बिंदू घेऊन पायाची रेषा काढा. वर एक बिंदू घेऊन त्यातून पायाला समांतर रेषा काढा. त्या समांतर रेषेवर क हा नवा बिंदू ठेवा आणि अबक हा त्रिकोण पूर्ण करून त्याचे क्षेत्रफळ पडद्यावर आणा. आता क बोटाने सरकवायचा. पण त्याआधी मुलाला विचारायचे, "क्षेत्रफळ वाढेल, घटेल की तेवढेच राहील?" उत्तर वहीत लिहून मगच बोट लावायचे. हा प्रश्न गाळला तर उरतो तो नुसता खेळ.

भाची म्हणाली, "मामा, लांबट झाला की वाढेल." बहीण थोडी थांबली आणि म्हणाली, "पाया तोच, उंची तीच. मग कसं वाढेल?" क पार उजवीकडे गेला, त्रिकोण पडल्यासारखा दिसू लागला, आकडा मात्र हलला नाही. उंची त्रिकोणाच्या बाहेरही पडू शकते, हेही भाचीने तेव्हाच पाहिले. क्षेत्रफळ, पाया, त्रिकोण हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच. अडले काहीच नाही.

वाचकहो, एक सावधगिरी हवी. याच साधनावर तीन कोन मोजले तर कधी ५७.३३, ६१.६७ आणि ६१.०१ असे आकडे दिसतात. त्यांची बेरीज १८०.०१! यंत्र चुकले असे नव्हे. दशांश पूर्ण करताना तेवढा फरक पडतो. पडद्यावर दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे मुलांना सांगायची हीच वेळ. शिरोबिंदूतून समांतर रेषा काढून सिद्धता कागदावरच लिहावी.

लहान मुलांसाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा उपक्रम पाहावा. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. अपूर्णांकांचे तुकडे बोटाने जोडून पाहता येतात. त्यातील काही साधने मराठीत आणि गुजरातीतही आहेत.

सुरुवात करणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी एकच साधन, एकच धडा घ्यावा. आदल्या रात्री स्वतः करून पाहावा. वर्गात एकच मोबाइल असेल तर चार-चार मुलांचे गट करावेत. एकाने सरकवावे, बाकीच्यांनी अंदाज लिहावा. वीस मिनिटे पुरेत. आधी कागदाचा त्रिकोण कापून घेतला तर फारच उत्तम.

मी निघालो तेव्हा मोबाइल बाजूला पडला होता. बहीण लेकीच्या वहीतली गुजराती अक्षरे विचारत होती, आणि लेक आईला वाचायला शिकवत होती.