शिक्का आधी, चौकशी मागाहून

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल परिसरात पाच गरीब स्त्रियांचे खून झाले आणि पाचही जणी वेश्या ठरल्या. २०१९मध्ये हॅली रूबेनहोल्ड यांनी कागदपत्रे पुन्हा तपासली. एलिझाबेथ स्ट्राइड आणि मेरी जेन केली यांनी कधीतरी तो व्यवसाय केला होता. उरलेल्या तिघींविषयी ठोस पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. पण पॉली निकोल्स त्या रात्री रस्त्यावर होती, कारण खाटेच्या भाड्याचे चार पेन्स तिच्यापाशी नव्हते. आणि वेश्या असली, तरी खून तो खूनच.

आपल्या अळणावर जंक्शनवर अपरात्री एकटी बाई दिसली, तर तिची गाडी चुकली असेल, हे आपल्या मनात आधी येते का?