परातीतलं वाफेचं इंजिन

चर्चगेट-बोरिवली लोकल १९२८ सालीच विजेवर धावू लागली. त्यानंतर वाढलेल्या उपनगरी पोरांना स्वतः पेटवून चालवता येईल असं वाफेचं इंजिन कुठे मिळालं असेल, तर ते जत्रेत: पत्र्याची फटफट करणारी बोट. तिच्या पोटात चपटी टाकी, टाकीपासून मागे निघालेल्या दोन बारीक नळ्या आणि खाली वातीचा दिवा. चाक नाही की दट्ट्या नाही.

नळ्यांतून पाणी भरून बोट परातीत सोडायची आणि दिवा लावायचा. टाकीतल्या पाण्याची वाफ होते आणि नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. नळीच्या गार भागात पोचलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. या ओढाताणीत टाकीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो. फटफट वाजतो तो तोच. जेवढं पाणी बाहेर तेवढंच आत, तरी बोट पुढे जाते. कारण बाहेर पडणारं पाणी झोतासारखं एकाच दिशेला जातं, आत शिरणारं मात्र चहूबाजूंनी येतं.

या खेळण्याचं ब्रिटिश पेटंट थॉमस पियो याने १८९१ मध्ये घेतलं. पत्र्याच्या पातळ पडद्याची सुधारणा पुढे अमेरिकेतल्या चार्ल्स मॅकह्यूची.

संग्राहकांची नजर मात्र बहुधा श्रीमंत घरच्या खेळण्यांवर असते: जर्मनीतल्या बिंग आणि मर्कलिनची, बर्मिंगहॅमच्या मॅमॉडची पितळी बॉयलरची इंजिनं. चोरबाजारात असं काही दिसलं, तर आधी बॉयलरचा तळ पाहावा. पाणी संपूनही दिवा जळत राहिला असेल, तर डाख वितळल्याच्या खुणा तिथे सापडतात. मग सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून पाहावी. रंग नवा दिसला तर भाव पाडावा.

पितळी इंजिन खोक्यात जपलं गेलं. पत्र्याची बोट गंजली की भंगारात गेली. त्यामुळे जुनी, धड बोट मिळणं अवघड. त्यात आपली पावसाळी हवा. चालवून झाल्यावर नळ्या फुंकून कोरड्या केल्या नाहीत, तर तिचं काही खरं नाही.

अशा बोटी भारतात अजून बनतात. संग्रह त्यांच्यापासूनच सुरू करावा आणि दोन घ्याव्यात: एक ठेवायला, एक चालवायला.