नाव भारताचं, खुर्च्या कोणाच्या?

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या पब्लिकच्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातलं स्टेज, निवेदकाचे पीजे आणि किशोरकुमारच्या आवाजात गाणारा कुणीतरी येतो. मी बोलतोय तो वेगळा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा वाद्यवृंद आहे. २००६ साली एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी तो उभा केला. बऱ्याच देशांत असे वाद्यवृंद सरकार पोसतं. आपला मात्र सरकारने नाही, एका खाजगी संस्थेने काढला.

त्याचे कार्यक्रम होतात जमशेद भाभा थिएटरमध्ये. (जमशेद म्हणजे आपल्या होमी भाभांचे धाकटे भाऊ.) मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने स्पीकर कुठे लावलेत ते शोधत होतो. नव्हतेच! सगळा आवाज लाकडाचा, तारांचा आणि फुंकरीचा. आता जरा आपल्या लाइनचं बोलू. एकाऐवजी दहा व्हायोलिनं वाजली तर आवाज दहापट वाटत नाही. दहा डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. म्हणूनच अशा वाद्यवृंदात निम्म्याहून जास्त माणसं तंतुवाद्यांची असतात आणि ट्रम्पेटवाले दोन-तीनच पुरतात. सुरुवातीला ओबो साधारण ४४० हर्ट्झचा एक सूर धरतो आणि बाकी सगळे त्याला जुळवून घेतात. नुसतं ते ऐकायला जावं, पैसे वसूल!

पण स्टेजवरचे चेहरे बघितले की प्रश्न पडतोच. नाव भारताचं, मग एवढे वादक कझाकस्तानचे आणि इतर देशांतले का? कारण सरळ आहे. जेईईचा क्लास आठवीत लावतात. व्हायोलिन त्याच्याही आधी, सहाव्या-सातव्या वर्षी हातात यावं लागतं, आणि पुढे दहा-बारा वर्षं रोजचा रियाज. सोव्हिएत काळात तिकडे मुलांसाठी सरकारी संगीतशाळांचं जाळं होतं. तिथून वादक तयार होऊन निघत.

गंमत म्हणजे मुंबईत असे वादक होते! मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. झुबिन मेहता त्यांचेच चिरंजीव. आणि गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून गावातल्या पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. ही मंडळी मुंबईला येऊन फिल्म स्टुडिओत वाजवू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते यांच्याकडे, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) अंड्यातून बाहेर येणाऱ्या अँथनीला नाव मिळालं तेही यांचंच. याच गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' काढून रागांवरच्या रचना वाजवल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन! साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले. पुढे सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटर. पन्नास वादकांचं काम एक कीबोर्ड करू लागला. स्टुडिओची कामं आटली, तशी घरातल्या पुढच्या पिढीने दुसऱ्या नोकऱ्या धरल्या. त्या खुर्च्या तेव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. परदेशी वादक त्यांवर नंतर येऊन बसले. त्यामुळे त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं.

एनसीपीएने २०१२ मध्ये लहान मुलांसाठी संगीत अकादमी काढली, ती याच कारणाने. आणि 'हे आपलं संगीत नाही' म्हणणाऱ्यांनी झाकीर हुसेन यांचं 'पेशकार' ऐकावं. तबला आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची ही रचना त्यांनी २०१५ मध्ये याच वाद्यवृंदासाठी केली.

वर्षात दोन सीझन, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे नेमके सबमिशनच्या तोंडावर, त्याला इलाज नाही. अंधेरीहून चर्चगेट फास्ट पकडा. आणि एक टिप: मध्ये वाजवणं थांबलं म्हणून लगेच टाळ्या नकोत. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबा!