साठ फेऱ्यांची पिछाडी

विहिरीवरच्या किंवा पिठाच्या गिरणीतल्या मोटारीची नेमप्लेट धूळ पुसून एकदा वाचून पाहा. एचपी, व्होल्ट, अँपिअर यांच्या शेजारी आरपीएमचा आकडा असतो. पुष्कळ ठिकाणी तो १४४० किंवा त्याच्या आसपासचा. मिनिटाला १४४० फेरे. सरळ १५०० का नाहीत? त्या उरलेल्या साठ फेऱ्यांत इंडक्शन मोटारीचं सगळं गुपित आहे, आणि ते कळल्यापासून साधी पाण्याची मोटारही मला थांबून बघावीशी वाटते.

मोटारीच्या बाहेरच्या, स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजची तीन वाइंडिंग बसवलेली असतात. तिन्ही फेजमधली वीज एकाच वेळी शिगेला पोचत नाही, पाळीपाळीने पोचते. त्यामुळे आत एक अजब गोष्ट घडते. लोखंड जागचं हलत नाही, तांब्याची तार हलत नाही, पण चुंबकक्षेत्र मात्र गोल फिरू लागतं. आपली वीज ५० हर्ट्झची. चार ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला बरोबर १५०० वेळा फिरतं.

मध्ये रोटर. त्याला वीज पोचवणारी एकही तार नाही, त्यात कायमचं चुंबकही नाही. आहेत फक्त अॅल्युमिनिअमचे किंवा तांब्याचे दांडे, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेले. फिरतं क्षेत्र या दांड्यांना ओलांडून जातं, तेव्हा त्यांच्यात आपोआप विद्युतप्रवाह उमटतो. प्रवाह आला की त्यावर चुंबकक्षेत्राचा जोर येतो आणि रोटर क्षेत्राच्या मागे धावत सुटतो. पण तो क्षेत्राला गाठू शकत नाही. गाठलंच, तर दांडे आणि क्षेत्र एकाच वेगाने फिरतील, ओलांडणं थांबेल, प्रवाह थांबेल आणि जोरही संपेल. मागे राहणं हाच त्याच्या धावण्याचा आधार. या पिछाडीला ‘स्लिप’ म्हणतात. मोटारीवर भार वाढला की रोटर आणखी थोडा मागे पडतो, प्रवाह वाढतो, जोर वाढतो. हे सांभाळायला आत कुणी बसलेलं नाही.

या धावण्याचं मूळ जुनं आहे. पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ आरागोने १८२४ मध्ये पाहिलं होतं, की तांब्याची तबकडी फिरवली की वर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. का, ते फॅराडेच्या १८३१ च्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शोधाने उलगडलं. पुढे तुरीनच्या गॅलिलेओ फेरारिसने १८८५ मध्ये फिरतं क्षेत्र तयार करून तांब्याचा नळा फिरवून दाखवला. त्याचा निबंध आणि निकोला टेस्लाची पेटंटं, दोन्ही १८८८ ची. फेरारिसने गणित केलं आणि अशी मोटार निम्म्याहून जास्त शक्ती कामी लावू शकणार नाही, असा निष्कर्ष काढला. आज चांगली मोठी मोटार ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. १८८९ मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तीन फेजची, दांड्यांच्या पिंजऱ्याची मोटार उभी केली. दोनच वर्षांनी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १७५ किलोमीटरवरच्या लाउफेनहून वीज आली आणि १०० एचपीच्या मोटारीने पाणी वर चढवून कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. विहिरीवरच्या मोटारीची ही थेट आजी.

दुकानात पहिला प्रश्न असतो, “किती एचपीची देऊ?” माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा: फिरवायचं काय आहे? क्रेन आणि कन्व्हेयर कुठल्याही वेगाला जवळपास सारखाच टॉर्क मागतात, म्हणजे सारखाच पीळ. पंखा आणि सेंट्रिफ्युगल पंप वेगाच्या वर्गाने मागतात, म्हणून सुरुवातीला ते हलके असतात. मोटार थेट चालू केली तर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट खेचते. स्टार-डेल्टा स्टार्टर तो एक तृतीयांशावर आणतो, पण सुरुवातीचा टॉर्कही एक तृतीयांशच उरतो. पंपाला तेवढा पुरतो. मालाने भरलेल्या कन्व्हेयरला पुरत नाही, मोटार नुसती घुमते आणि तापते.

व्होल्टेज पडण्याचंही असंच. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. दाब २० टक्क्यांनी उतरला की ताकद ६४ टक्के. पंपाचं मागणं मात्र कमी होत नाही, मग रोटर जास्त मागे पडतो, करंट चढतो, वाइंडिंग तापतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. संध्याकाळी दाब पडतो त्या गावात मोटार का जळते, याचं उत्तर एवढ्यात आहे. अशा वेळी दोष मोटारीला देणं अन्यायाचं आहे.

खरेदीच्या वेळी किमतीवर घासाघीस होते, पण खरा खर्च पुढे असतो. साडेसात किलोवॉटची, ९० टक्के कार्यक्षमतेची मोटार पूर्ण भाराने वर्षात ४,८०० तास चालली तर ४०,००० युनिट खाते. युनिटला ८ रुपये धरले तर ३ लाख २० हजार, तेही दरवर्षी. इथे कार्यक्षमतेतला एकेक टक्का मोलाचा.

शंभर वर्षं या मोटारीचा वेग ५० हर्ट्झला बांधलेला होता. ती गाठ सोडवली ड्राइव्हने, कारखान्यात ज्याला व्हीएफडी म्हणतात त्याने. आलेली एसी वीज तो आधी डीसी करतो. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीचे कमी-जास्त रुंदीचे तुकडे पाडतात. वाइंडिंगच्या अंगच्या इंडक्टन्समुळे त्या तुकड्यांतून जवळपास नितळ लहरीचा करंट वाहतो. हवी ती फ्रीक्वेन्सी, म्हणून हवा तो वेग. एक पथ्य मात्र आहे. ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झला, तर २५ हर्ट्झला साधारण निम्मे. नाहीतर लोखंड चुंबकत्वाने भरून जातं आणि करंट उसळतो.

आता ती साठ फेऱ्यांची पिछाडी पुन्हा पाहा. ड्राइव्हने फक्त २ हर्ट्झ दिले तर क्षेत्र मिनिटाला ६० वेळा फिरतं. रोटर थांबलेला आहे, म्हणजे पिछाडी तीच ६०. वाइंडिंगच्या रोधापुरता दाब थोडा वाढवून दिला की जागच्या जागी पूर्ण टॉर्क मिळतो, तोही नेहमीच्या भाराएवढ्याच करंटमध्ये! सहा पट झटका नाही.

पंख्याचा वेग ८० टक्के केला तर त्याला लागणारी शक्ती ५१ टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. हा हिशोब डोळे झाकून खोल विहिरीला लावू नये. पाणी ६० मीटर उचलायचंच असेल तर ठरावीक वेगाखाली पंप फिरत राहतो आणि पाइपातून थेंब येत नाही. शिवाय मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो. संथ वेगाने जड काम घ्यायचं तर वेगळा पंखा लावावा लागतो.

हाच ड्राइव्ह रेल्वेतही कामाला आला. मुंबईत पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. तिच्या ब्रश असलेल्या डीसी मोटारी सुरू करताना मध्ये रोध घालावे लागत आणि बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाई. तीन फेजच्या मोटारींच्या लोकल आल्यावर हे काम ड्राइव्हने घेतलं. गाडी सुटताना कानावर येणारे चढते सूर त्याच्या उघडझापीचे असतात. ब्रेक लावताना ड्राइव्ह क्षेत्राचा वेग रोटरपेक्षा कमी करतो. आता रोटर पुढे, क्षेत्र मागे. तेच दांडे, तेच वाइंडिंग, पण मोटारीचं जनित्र झालं. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची गती वीज होऊन वरच्या तारेत परत जाते, आणि त्याच वेळी जवळपास सुटणारी दुसरी लोकल ती उचलते.