दार्जिलिंगचा चहा आणि वाड्याचा कोलम

आपल्या भिवंडीच्या पंचक्रोशीत चहा पिकत नाही. चहाला आम्लधर्मी जमीन हवी आणि पाऊसही बहुतेक वर्षभर वाटून पडायला हवा. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग आकाश कोरडे होते. त्या चार महिन्यांच्या पाण्यावर साधते ते भात. आणि त्यातला नाणावलेला वाण म्हणजे शेजारच्या वाडा तालुक्यातला झिनी कोलम.

या बारीक, मऊ शिजणाऱ्या तांदळाला मुंबई-ठाण्याच्या घरांतून मोठी मागणी आहे. मागणी वाढली की पीक वाढावे, असे अर्थशास्त्र सांगते. मग अनेक शेतकरी कोलम सोडून संकरित भाताकडे का वळले?

कारण उघड आहे. कोलमचे रोप उंच; ते वाऱ्यापावसात लोळते. त्याला दिवस अधिक लागतात, उतारा मात्र कमी. हे नुकसान चढ्या भावाने भरून निघाले तरच तो परवडतो. परंतु शेतकरी भात विकतो ते वजनावर. 'वाडा कोलम' हे नाव चढते ते पुढे, दुकानातल्या पोत्यावर. त्या पोत्यात परमुलखातला कोणताही बारीक तांदूळ असू शकतो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजते नावाचे, आणि ते नाव ज्याच्या शेतातले, त्याच्या पदरी काही पडत नाही!

दार्जिलिंगच्या चहाचे दुखणे हेच होते. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 साली झाला, 2003 मध्ये अमलात आला, आणि 2004 साली देशातले पहिले मानांकन त्या चहाला मिळाले. वाडा कोलमला ते 2021 मध्ये लाभले. ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. त्या मुलखाबाहेरच्या मालाला ते नाव लावणे आता कायद्याविरुद्ध आहे.

पण कायदा दुकानाच्या उंबरठ्यावर पहारा देत बसत नाही. भिवंडीचा माणूस कापड घेताना सूत बोटांत चोळून पाहतो, नंबर विचारतो. तीच चोखंदळ नजर तांदळावरही ठेवावी. हे भात कोणत्या गावचे? नोंदणीकृत उत्पादक कोण? एवढे दोन प्रश्न नित्य विचारले गेले, तर दुकानदाराला उत्तर शोधावे लागेल आणि ते शोधत त्याला वाड्याच्या बांधापर्यंत जावे लागेल. मागणी शेतापर्यंत पोचली तरच वाण टिकतो. दुकानातच थांबली तर फक्त नाव उरते.