भरून आलाय की ठणकतोय?

पहाटे पावणेसहा

दिवाळी सरली की आमच्या पानशेतच्या खोऱ्यात दोन गोष्टी एकदम अंगावर येतात, भाताची कापणी आणि मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने. आज बुधवार. शनिवारी संघ घेऊन पुण्याला जायचंय. चहा उकळेपर्यंत मी वही उघडतो. साधी रेघांची वही, चार रकाने: नाव, चेंडू, झोप, घरचं काम. पहिले तीन रकाने कुठल्याही शहाण्या प्रशिक्षकाच्या वहीत सापडतील. चौथा मी इथे खोऱ्यातच शिकलो, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावरच आहे.

साडेसहा

धरणावरचं धुकं अजून उठलेलं नाही. मुली वाड्यांवरून चालत येतात, चपला दवानं ओल्या. पुण्यात गेलं की कुणीतरी विचारतंच, ‘पानशेत म्हणजे १९६१ च्या पुरातलं?’ मुली ठसक्यात सांगतात, ‘नाही, सॉफ्टबॉलवालं.’ मला फार बरं वाटतं ते ऐकून.

चेंडूला हात लावायच्या आधी वीस मिनिटं पाय, कंबर आणि पाठ. एका पायावर तोल धरणं, उताणं झोपून कंबर उचलणं, पळणं. मुलींना कंटाळा येतो, पण मी सोडत नाही. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, जोर पायातून निघतो. मागच्या पायानं रेटा द्यायचा, पुढचा रोवायचा, कंबर फिरवायची, आणि गोल फिरून आलेला हात सगळ्यात शेवटी. कंबर कच्ची असली की तिचं काम खांद्याच्या बोकांडी बसतं.

हात खालून फिरतो म्हणून खांद्याला काही होत नाही, हा समज शिक्षकांतही पक्का आहे. मीही तेच मानत होतो. पण चेंडू सुटतो त्या क्षणी अख्खा हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जात असतो, आणि त्याला आत धरून ठेवण्याचं काम दंडाचा पुढचा स्नायू आणि खांद्याभोवतीचे लहान स्नायू करतात. १९९८ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हे जोर मोजले. बेसबॉलमध्ये डोक्यावरून फेकणाऱ्याच्या खांद्यावर जेवढा ताण येतो, त्याच्याच जवळपास तो निघाला. बेसबॉलच्या पोरांचे चेंडू तिकडे नियमानं मोजतात. सॉफ्टबॉलच्या पोरींचे मोजायचे, तर प्रशिक्षकाला स्वतःहून मोजावे लागतात.

सात वाजून दहा मिनिटं

आमची मुख्य पिचर आठवीत आहे. ‘हात कसाय?’ ‘बराय सर.’ हे उत्तर मी कधीच वहीत लिहीत नाही. पुढचा प्रश्न विचारतो, ‘भरून आलाय, अवघडलाय, चमकतोय की ठणकतोय?’

दुखण्याला आपल्या भाषेत किती नेमके शब्द आहेत. हात भरून आला म्हणजे स्नायू दमलाय, दोन दिवसांत उतरेल. अवघडला म्हणजे हलका व्यायाम द्यावा. चमक निघते म्हणजे फेकताना एका ठरावीक जागी कळ येते, तिथेच थांबायचं. आणि ठणकतोय, तेही रात्री निजल्यावर, म्हणजे डॉक्टर गाठायचा. हे शब्द डॉक्टरांनी शिकवलेले नाहीत. मुली ते घरूनच घेऊन येतात, आपण फक्त विचारायचं.

ती गप्प. मग मी म्हणतो, ‘दाखव कुठे.’ तळहात अख्ख्या खांद्यावरून फिरला असता तर मी निर्धास्त झालो असतो. तिनं दोन बोटं खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंड सुरू होतो तिथल्या खाचेवर टेकवली आणि पापणी लवली. ‘चमकतंय.’

वहीत कालचे चेंडू शून्य. पण चौथ्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलंय: दुपारपासून कापणी, पेंढ्या बांधल्या, भारे खळ्यावर नेले. विळा उजव्या हातात, पेंढीचा आळा आवळायचा तोही त्याच हातानं. तिच्या खांद्याला कुठे कळतंय मैदान कुठलं आणि खाचर कुठलं?

‘आज पिचिंग नाही. शनिवारीसुद्धा दुसरी सुरुवात करील.’ तिचे डोळे भरून आले. पायाचे व्यायाम आणि डाव्या हातानं झेल घ्यायचा सराव, एवढंच तिला दिलं. दुखणं पूर्ण गेल्यावर निम्म्या अंतरावरून, निम्म्या वेगानं, वीस चेंडू, एक दिवस आड. तिथून हळूहळू वर.

तिचे डोळे पाहिले आणि मला दुसरी मुलगी आठवली. काही वर्षांपूर्वी मी एकाच दिवसात तीन सामने एकीच्याच हातून काढून घेतले, कारण ती जिंकून देत होती. ती आधी ‘भरून आलाय’ म्हणाली. मग ‘ठणकतोय’ म्हणाली. मी मलम चोळलं आणि पट्टी बांधली. पुढे पुण्यात फोटो काढला तेव्हा कोपराखालच्या हाडाला बारीक तडा निघाला. फेकून फेकून पडलेला. हाड सांधलं, पण ती मैदानावर परत आली नाही. मोजणी मी त्यानंतर सुरू केली.

साडेअकरा

तास, हजेरी, प्रवेशिका. पिचर म्हणून तीन नावं भरतो. सहकारी विचारतात, ‘एक चांगली असताना तीन कशाला?’ प्रश्न खोटा नाही. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. डोंगरातल्या घराला हे पक्कं ठाऊक असतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी काही आठवड्यांत चढायची, आणि ती एकाच हातावर चढायचा मोह सगळ्यांना होतो.

दुपारी दीड

डबा खाताना मुलींनी मोबाइलवर जपानची पिचर युकिको उएनो हिचा व्हिडिओ लावलाय. २००८ चं बीजिंग ऑलिम्पिक, दोन दिवसांत तीन सामने, ४१३ चेंडू, आणि शेवटी अमेरिकेला हरवून जपानला सुवर्ण. मुलींच्या अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण त्यांना मी दर वेळी सांगतो, उएनो तेव्हा २६ वर्षांची होती. तिची हाडं वाढून पक्की झालेली. तुमच्या हाडांच्या टोकांना अजून वाढीची कूर्चा आहे, ती हाडाहून मऊ असते.

सव्वापाच

दुसरी पिचर, वय १३. कॅचरच्या बाजूला पत्र्याचे दोन डबे. एकात ८० चिंचोके मोजून ठेवलेत. चेंडू आला की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकायचा, टण्ण. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १३-१४ वर्षांच्या पिचरसाठी एका सामन्याला ८० चेंडू सुचवलेत, तिथून मी हा आकडा घेतला. सरावाचे, अंग गरम करायचे, सगळे चेंडू त्यातच धरायचे. पंचावन्नाव्या चिंचोक्याला तिचा पुढचा पाय आखूड पडायला लागला आणि चेंडू वर जायला लागले. दमल्याची खूण तोंडाआधी पायात दिसते. मी डबा झाकला. पंचवीस चिंचोके उरले, उरू देत.

सात

पहिल्या पिचरच्या घरी गेलो. अंगणात झोडणी चाललेली, दिव्याच्या उजेडात भाताचा भुसा उडतोय. तिची आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘बसा सर, च्या ठिवते.’

मी खांद्याचं सांगितलं. म्हटलं, ‘ताई, चार दिवस भारे तिच्या डोक्यावर नकोत. आळे बांधायचं काम भाऊ करील का?’

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘करंल त्यो. पर सर, लावणीपास्नं माझा बी खांदा ठणकतोय. त्यो कुनी मोजला न्हाई.’

मला काही बोलता आलं नाही. पावसाळाभर मैदान बंद असतं, म्हणून मुलींच्या खांद्याला आपोआप विश्रांती मिळते असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. लावणीचा चिखल डोळ्यांसमोर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘रात्री झोप लागते?’ मी विचारलं. ‘कुशीवर न्हाई लागत.’ पानशेतला डॉक्टर कुठल्या वारी येतात ते सांगितलं, आणि मुलीला म्हटलं, आईला घेऊन जा, दोघींचे खांदे दाखवा. आई हसली, पण मुलीनं मान डोलावली.

साडेनऊ

वही. पहिली पिचर: चेंडू ०, कळ पुढच्या खाचेत, भारे बंद. दुसरी: ५५, पाय आखूड. तिसरी: ३०, बरी. पान संपलं होतं, तरी समासात लिहिलं: आई, उजवा खांदा, लावणीपासून.