ताग्यावरचं तिकीट

आमच्या मोताळ्याच्या घरी एक जुनी हिशेबाची वही आहे. पानापानावर चौकोनी भोकं पडलीत आणि भोकाशेजारी उर्दूत दोन-चार शब्द आहेत. ‘हत्तीछाप. धुतला की आटतो.’ ‘जहाजछाप. रंग पक्का.’ हत्ती गेला, जहाज गेलं, शेरे तेवढे उरले.

ही वही माझ्या पणजोबांनी सुरू केली, आजोबांनी चालवली. आजोबांना आम्ही दादामियाँ म्हणायचो. मलकापूर स्टेशनावर उतरलेलं कापड आणायचं आणि गावोगावचे आठवडी बाजार करायचे, हा त्यांचा धंदा. त्या काळी विलायती कापडाच्या ताग्यावर एक रंगीत कागद चिकटवलेला असे. कुणी त्याला तिकीट म्हणे, कुणी छाप, कुणी टिका. वर कृष्ण, लक्ष्मी, वाघ, आगगाडी, नाहीतर एखादा राजा, आणि सोबत मँचेस्टरच्या किंवा मुंबईच्या पेढीचं नाव.

हे चित्र नुसतं शोभेचं नव्हतं. गिऱ्हाइकाला अक्षर येत नसे, पण हत्ती ओळखू येई. मागच्या वेळचं कापड टिकलं, तर बाई सरळ म्हणे, “भाऊ, हत्तीवालंच द्या.” चित्राला अशी किंमत आली, की नकलाही होऊ लागल्या. इंग्लंडात १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा सुती कापडाच्या व्यापाऱ्यांनी अशा खुणा मोठ्या संख्येनं नोंदवल्या.

गंमत अशी, की कापूस आपलाच होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडच्या कापसाचा पुरवठा तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. इथला कापूस समुद्रापार गेला आणि कापड होऊन, आपल्याच देवाचं चित्र लावून परत आला.

चित्र दाखवून माल विकण्याची ही रीत जगभर होती. न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळसाहित्याच्या दुकानानं सिनसिनाटीच्या १८६९ सालच्या बेसबॉल संघाचा फोटो लावलेलं कार्ड काढलं, मागच्या बाजूला दुकानाची जाहिरात. पुढे शिळाछापाची रंगीत कार्डं निघाली आणि पोरंबाळं ती वहीत चिकटवू लागली. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो याच पद्धतीचा.

आता भोकांची गोष्ट. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. शहरातून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. त्यानं वही चाळली, पैसे मोजले आणि आमच्याच ओसरीवर कात्रीनं एकेक तिकीट कापून घेतलं. “वही ठेवा तुम्हाला,” म्हणाला. पैसे माझ्या हातात होते. मी गप्प बसलो. दादामियाँ आत खाटेवर होते. त्यांना कात्रीचा आवाज ऐकू गेला असेल का, हे मला आजही विचारावंसं वाटतं, पण आता विचारणार कुणाला?

ती तिकिटं आज कुणाच्या तरी संग्रहात सुंदर दिसत असतील. पण तो हत्ती धुतल्यावर आटायचा, हे तिथं कुणाला ठाऊक नसणार. संग्रह म्हणजे चित्र गोळा करणं एवढंच नव्हे. ते कुठून आलं, कुणी विकलं, कुणी घेतलं, हेही सांभाळावं लागतं.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी असा कागद सापडला, तर घाई करू नका. भिंगातून पाहा. जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे दिसतात. अलीकडच्या नकलेत ते ओळीनं, सारख्या अंतरावर असतात. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. वहीत असेल तर वहीतच राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा आणि ते सांगतील ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.

दोन पानं एकमेकांना चिकटली होती, म्हणून आमच्या वहीत एक तिकीट वाचलं. त्यावर बासरीवाला कन्हैया आहे. शेजारी दादामियाँचा शेरा: ‘लग्नाला हेच मागतात.’